नंदा नावाची होडी

कशेळीचा पूल ओलांडला आणि कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकली. बराच वेळ काहीच हलेना, तेव्हा रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "मॅडम, उतरून चहा घ्या. हे आता लवकर सुटत न्हाय." रस्त्याला लागून एक नवा ढाबा झाला होता. माझ्या लहानपणी तिथं मिठागराचा बांध होता. ढाब्याच्या दाराशी एक होडी ठेवली होती. तिला भडक निळा रंग दिला होता, काठाला दिव्यांची माळ सोडली होती, पोटात माती भरली होती आणि मातीत प्लॅस्टिकची सूर्यफुलं खोचली होती. डोलकाठीच्या जागी बांबू होता आणि बांबूला 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी.

चहाचा ग्लास हातात घेऊन मी तिच्याभोवती फेरी मारली. डाव्या कुशीला रंगाखालूनही एक चौकोनी तुकडा उठून दिसत होता. बाकीच्या फळीच्या रेघा लांब धावत होत्या, या तुकड्याच्या आडव्या. मी त्यावर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. ही आमची होडी होती.

"मॅडम, अंदर मत बैठना," गल्ल्यावरचा माणूस ओरडला. "खाली फोटो के लिए है. लकडी सड गयी है."

मी वाकून वास घेतला. रोगणाचा, चिखलाचा, भिजलेल्या दोराचा, कुठलाच वास उरला नव्हता. तंदूरचा धूर आणि फिनेल, एवढंच.

ती आमच्याकडे फक्त एक हंगाम होती. नवरात्र संपल्यावर आली आणि शिमग्याच्या आधी काठावर उपडी पडली. त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील. आमचं गाव अंजूरच्या बाजूचं, खाडीकाठचं. भाताची खाचरं एकामागून एक भरावाखाली जात होती आणि त्यांच्यावर पत्र्याची गोडाऊनं उभी राहत होती. आमचीही जमीन गेली आणि पैसा आला. ज्या बाबांना गाव आदल्या वर्षापर्यंत नावानं हाक मारायचं, त्यांना शेठ म्हणू लागलं. सकाळी बांधावर जायचं कारण संपल्यावर बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणारे ट्रक बघायचे. मग एक दिवस मुंबईच्या कुठल्याशा नौकांच्या क्लबानं काढून टाकलेली ती होडी ट्रेलरवर पडून आमच्या दारात आली.

गाव जमलं. खाडीत होड्या कमी नव्हत्या. जाळ्यांच्या होत्या, रेतीच्या होत्या. पण हिच्यात जाळं ठेवायला जागा नव्हती आणि रेती भरली असती तर ती बुडाली असती.

"काम काय रं हिचा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"काय न्हाय," बाबा म्हणाले. "बसायचा नि फिरायचा."

लोक हसले. बाबाही हसले. त्यांच्या बापाची मालाची शिडाची होडी होती, कल्याणपर्यंत कौलं आणि भात न्यायची. बाबा लहानपणी तिच्यात झोपलेले, वाढलेले. ती मोडीत निघाली तेव्हा ते माझ्याएवढे होते म्हणे. एवढं सोडलं तर ते होडीबद्दल कधी काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी ट्रेलरवर चढून त्यांनी तिच्या पोटावर हात फिरवला, तसा हात त्यांनी आमच्या कुणाच्या डोक्यावरून फिरवलेला मला आठवत नाही.

मी तेव्हा पाचवी-सहावीत होते. माझी मोठी बहीण नंदा, आमची ताई, भिवंडीच्या कॉलेजात अकरावीला. होडीला नाव काय द्यायचं यावर घरात बराच वाद झाला. आई म्हणाली एकवीरेचं द्या. बाबांनी लाल रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि कुणाला न विचारता लिहिलं, नंदा. अक्षर वाकडं आलं, 'दा'चा काना खाली ओघळला. ताई बघत होती. तिच्या गालावर जे उमटलं होतं ते मी नंतर तिच्या लग्नातही पाहिलं नाही.

त्या हंगामातले रविवार मला एकेक करून आठवत नाहीत. ते सगळे मिळून एकच लांब रविवार झाले आहेत. पहाटे आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापायची. कोलंबीचं सुकं डब्यात, डब्याला फडकं, फडक्यात कांदा. आम्ही तिवरांमधल्या पायवाटेनं उतरायचो. तिवरांच्या मुळ्यांमधून निवट्या मासोळ्या टुणटुण उड्या मारत पळायच्या. चिखलाला एक उबट, अंड्यासारखा वास असायचा. पहिल्यांदा नाक मुरडावं असा, आणि मग दिवसभर हवाहवासा वाटणारा. होडी पाण्यात लोटली की तिच्या बुडाखाली लाटा टपटप वाजायच्या. बाबा दोर खेचायचे, शीड वर चढताना कप्पी चिमणीसारखी चिवचिवायची, आणि मग एका क्षणी सगळा फडफडाट थांबून शीड पोट फुगवायचं. त्या क्षणाला आवाज नसायचा. होडी एका बाजूला झुकायची, आईच्या तोंडून "अगो बाय" निघायचं, आणि काठावरची गोडाऊनं, ट्रक, पुलावरचे हॉर्न सगळं मागं सरकायला लागायचं.

खाडीला तेव्हाही स्वतःचा रंग उरला नव्हता. भिवंडीत कपडा रंगवणारे ज्या दिवशी जो रंग काढत, तो नदीतून ओहोटीबरोबर खाली यायचा. कधी गुलाबी फेस, कधी शाईसारखं पाणी. ताई हात पाण्यात सोडून बसायची आणि वर काढून दाखवायची, "आज जांभला हाय." दुपारी जमिनीकडून येणारी मतलई पडायची, वारा थबकायचा आणि होडी तेलावर ठेवल्यासारखी उभी राहायची. मग जेवण. मीठ घेऊन आलेल्या हवेत त्या कोलंबीची चव अशी लागायची की आजही कोलंबी शिजवताना माझा हात थोडा जास्त मिठाकडे जातो.

आणि बाबांचे खेळ असायचे.

बाबांना होडीवर मस्करी सुचायची. दोर सोडायला कुणाकडून उशीर झाला की त्याची चप्पल पाण्यात. माझ्या दोन चपला त्या खाडीनं नेल्या. दुसरी वाहत जाताना मी रडले, तर बाबांनी होडी मुद्दाम तिच्याजवळून नेली आणि मी हात लांबवला की वळवली. पुन्हा जवळ, पुन्हा लांब. सगळे हसत होते, शेवटी मीही हसले. आईला होडी लागायची. ती काठावर वाकून ओकायची आणि बाबा तिच्या ओकण्याची नक्कल करायचे, इतकी हुबेहूब की आईला स्वतःलाच हसू यायचं आणि हसताना पुन्हा उमळायचं. एकदा त्यांनी ताईला न सांगता मागून ढकललं. ती वर आली, तोंडातलं पाणी चूळ भरल्यासारखं बाबांच्या अंगावर उडवलं आणि म्हणाली, "अजून एकदा ढकल नं, बाबा." बाबा हसले, पण त्या दिवशी त्यांनी तिला पुन्हा ढकललं नाही.

सुकाणू शिकवलं त्यांनीच. सुरुवातीला ताईच्या हातावर त्यांचा हात असायचा. मग हात सुटला. मग ती डोळे मिटून बसायला लागली. वारा कुठल्या गालावर लागतो त्यावरून तिला कळायचं म्हणे. बाबा शीड दोन-दोनदा ओढून-सोडून जे साधायचे ते ती एकदाच, सहज करायची. ओहोटी लागली की काठाला येणं अवघड जायचं, पाणी खाली ओढायचं, बाबांची होडी दोनदा तिवरांत घुसली होती. ताई वरच्या अंगानं यायची, शीड सोडायची आणि होडी घरी परतलेल्या गाईसारखी तिच्या जागी येऊन उभी राहायची. काठावरचे लोक बोलायला लागले. "नंदा आनतं होडी. शेठ नुस्ता बसतो." बाबा ऐकायचे आणि दोर गुंडाळायचे.

पौषात शीड फाटलं. आम्ही तिघं ते घडी करून रिक्षातून भिवंडीला घेऊन गेलो, लूमच्या गल्लीतल्या एका ताडपत्री शिवणाऱ्याकडे. दोन्ही बाजूंच्या कारखान्यांतून लूमचा असा खडखडाट येत होता की माणसं एकमेकांच्या कानात तोंड घालून बोलत होती. हवेत कापसाची धूळ, तेलाचा वास, दारात चहाचे ग्लास. ताडपत्रीवाला वयस्क मुसलमान, तिथलाच जुना, मराठी बोलणारा. त्यानं शीड जमिनीवर पसरलं आणि बाबांना विचारलं, "शेठ, ही किनार सरळ शिवू का झोल ठेवून?"

बाबा म्हणाले, "सरळ."

"सरळ न्हाय," ताई म्हणाली. ती गुडघ्यावर बसली आणि कापडावर बोटानं रेघ ओढली. "हिथं पोट पायजे चाचा. सरळ शिवलंत तर वारा घसरून जाईल."

चाचा बाबांकडे न बघता तिच्या बोटामागून खडूची रेघ मारत गेला. दोघं बराच वेळ बोलत होते. बाबा दारात उभे राहून लूमकडे बघत होते. परत येताना रिक्षात ते ताईला म्हणाले, "लई शहानी झालीस." ताईला ते कौतुक वाटलं. ती मला चिकटून बसली आणि घरापर्यंत गुणगुणत राहिली. शीड तिनं सांगितलं तसं शिवून आलं आणि होडी पूर्वीपेक्षा जोरात पळायला लागली.

मग बाबांनी एका पाहुण्याला आणलं. ठाण्याचा होता, गोडाऊनांच्या धंद्यातला, बाबांना त्याच्याशी पुढचे व्यवहार करायचे होते. पांढरे बूट घालून तो चिखलातून आला. बाबांनी त्या दिवशी नवा सफारी घातला होता आणि सुकाणू स्वतः धरलं होतं. ताई दोरावर होती. मला पुढच्या टोकाला बसवलं होतं, पाहुण्याच्या बाटल्या सांभाळायला. कशेळीच्या पुलाजवळ पाण्याला ओढ असते आणि खांबांमधून वारा कुठूनही येतो. ताई म्हणाली, "बाबा, पुलाकडं नको." बाबा पाहुण्याला पुलाची गोष्ट सांगत होते. वारा अचानक मागून फिरला, शिडाचा आडवा दांडा सपकन दुसऱ्या बाजूला गेला, पाहुणा खाली पडला आणि होडी कुशीवर खांबावर आदळली. फळी फुटल्याचा आवाज मला आधी पायाला ऐकू आला. पाणी आत आलं. बाबांनी सुकाणू धरलं होतं, पण नुसतंच धरलं होतं. त्यांचं तोंड उघडं होतं.

"बाबा, सोड!" ताई ओरडली. "सोड म्हनतंय नं!"

तिनं त्यांच्या हातातून सुकाणू हिसकलं. त्यांना खांद्यानं बाजूला लोटलं. मी जेवणाच्या टोपानं पाणी उपसत होते. तिनं होडी फुटक्या कुशीवरून उचलून दुसऱ्या बाजूला झुकवली, भोक पाण्याच्या वर आलं, आणि तशीच तिरकी तिरकी तिनं आम्हाला काठाला आणलं.

पाहुणा काठावर उतरला, पांढऱ्या बुटांकडे बघितलं आणि भीती गेल्यावर माणूस हसतो तसा खूप हसला. त्यानं बाबांच्या पाठीवर थाप मारली. "शेठ, तुमची ही पोरगी कप्तान करा! आणि तुम्ही बसा डबे उघडत." काठावर जमलेले सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले.

सुतारानं फळीला तुकडा जोडून दिला. आठवडाभर बाबा ताईशी फार चांगले वागले. तिला कप्तान म्हणू लागले. "कप्तान, जेवलंस का?" "कप्तान, चहा कर." आई त्यांच्याकडे बघत राहायची.

त्या रविवारी आम्ही चौघंच होतो. हवा इतकी स्वच्छ होती की पलीकडच्या काठावरची माणसं मोजता आली असती. भरती भरून आली होती, मग ओहोटी लागली. ओहोटीला आमच्या गावासमोर खाडीच्या मध्यावर चिखलाची एक पाठ वर यायची, तिला आम्ही जुव म्हणायचो. पक्षी बसायचे तिथं. तिच्या चारही बाजूंना रेती काढणाऱ्या पंपांनी तळ उकरून टाकला होता. खड्ड्यांवर पाणी गरगरायचं आणि पट्टीचे पोहणारेही तिकडे उतरत नसत. बाबांनी होडी जुवाला लावली.

"बुडाला काय अडाकलाय," ते म्हणाले. "कप्तान, उतरून बघ जरा."

ताईनं सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि उतरली. चिखलात पाय गेला तशी हसली. ती वाकून होडीखाली हात घालून चाचपडत होती, तेव्हा बाबांनी वल्हं चिखलात रोवलं आणि रेटलं. होडी मागं सरकली. शिडात वारा भरला. ताईनं मान वर केली तेव्हा आमच्यामध्ये पाणी होतं.

"बाबा?" ती म्हणाली.

बाबांनी कपाळाला हात लावून सलाम केला. "कप्तान, सांभाला तुमचा जहाज!"

मला वाटलं चपलेसारखंच, आता वळतील, पुन्हा जवळ नेतील. मी वाट बघत होते. आईनं बाबांचा हात धरला, त्यांनी तो झटकला. होडी काठाला आली. त्यांनी शीड उतरवलं, नीट घडी केलं, काठावर चटई टाकली आणि डबा उघडायला सांगितला. माझ्या ताटात त्यांनी स्वतः कोलंबी वाढली.

जुवावर ताई उभी होती. लांबून ती बगळ्यासारखी दिसत होती. गावात बातमी पसरली आणि लोक बघायला आले. पोरं टाळ्या वाजवत होती. "कप्तान! ओ कप्तान!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ताईनं पहिल्यांदा हात हलवला, मग हलवायचा थांबवला. बसायला कोरडी जागा नव्हती.

ऊन उतरायला लागलं आणि भरती लागली. जुवाच्या कडा हळूहळू आत यायला लागल्या. पक्षी उठून गेले.

"आना नं तिला आता," आई म्हणाली.

"तीच आनते ना होडी?" बाबा म्हणाले. "बोलवू दे तिला."

आई काठावरच्या एकेका होडीवाल्याकडे गेली. सगळे बाबांकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. शेठच्या घरातली गोष्ट, शेठची पोर, उद्या गोडाऊनात कामाला माणसं शेठच लावणार. कुणी म्हणालं, "वयनी, मस्करी करतो तो. आनील." पाणी ताईच्या घोट्यांवर चढलं. मग पोटऱ्यांवर. ती आता काठाकडे तोंड करून ताठ उभी होती आणि ओरडत नव्हती.

माझ्या आईला होडी लागायची. ज्या आईला आम्ही ओकताना पाहून हसायचो, तिनं साडीचा काष्टा मारला, एक जाळ्याची होडी सोडली आणि वल्हं हातात घेतलं. ती खाडीकाठचीच पोर होती हे मला त्या दिवशी कळलं. तिचे हात सुरुवातीला चुकले, होडी एकदा स्वतःभोवती फिरली, मग ते हात काहीतरी जुनं आठवल्यासारखे चालू लागले. काठावरचं हसणं थांबलं. फक्त वल्ह्याचा आवाज येत होता, पाण्यात जाताना जड आणि वर येताना ठिबकणारा. ताईपर्यंत ती पोचली तेव्हा पाणी ताईच्या मांड्यांना लागलं होतं. आईनं तिला काखेत हात घालून आत ओढलं, मुलाला पाळण्यात घालतात तसं.

त्या काठाला आल्या. ताईचे ओठ पांढरे पडले होते, पाण्यात राहून पायांची कातडी सुरकुतली होती. बाबा चटईवरून उठले नाहीत. "शिकलीस का?" ते म्हणाले आणि सगळ्यांकडे बघून हसले. "मस्करी केली रं. आपलीच पोर हाय." लोक सुटल्यासारखे हसले.

ताईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती घराकडे चालायला लागली. आईच्या तळव्यांची साल निघाली होती. तरी रात्री तिनं भाकऱ्या थापल्या आणि बाबांना म्हणाली, "जेवून घ्या."

गावानं ती गोष्ट सांभाळून ठेवली. हळदीला बँजो थांबला की कुणीतरी सांगायचं, शेठनं पोरीला जुवावर कशी ठेवली. सांगणारा ताईच्या उभं राहण्याची नक्कल करायचा. दरवेळी लोक लोटपोट व्हायचे. ताई तिथंच जेवणं वाढत असायची.

ती पुन्हा होडीत बसली नाही. बाबा एकदोनदा एकटे गेले, मग त्यांनाही नको झालं. एका सकाळी मी काठावर गेले तर ते कोयत्यानं नाव खरवडत होते. लाल रंगाचे पापुद्रे चिखलात पडत होते. 'नं' गेला, 'द' गेला, ओघळलेला काना मात्र लाकडात मुरला होता, तो निघेना. मग त्यांनी होडी उपडी केली आणि शीड भाताच्या पेंढ्यावर टाकलं.

पुढच्या वर्षी ताईचं लग्न ठरलं, वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका गावात. डोंगराच्या पायथ्याचं गाव, उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या. ताईनं पुढं शिकायचं म्हटलं होतं. बाबा मांडवात पाहुण्यांना सांगत होते, "पान्यापासून लांब दिली. आता बुडायची भीती न्हाय." तेव्हाही सगळे हसले. वर्षाभरानं मी आणि आई तिला वज्रेश्वरीला भेटलो. देवीचं दर्शन झाल्यावर ती आम्हाला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेली. कडेला बसून तिनं पाय आत सोडले. गंधकाच्या वासात आम्ही तिघी बसलो. मग ती म्हणाली, "हे पानी हालतच न्हाय."

एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की तोच हंगाम मला परत हवा असतो. शीड पोट फुगवायचं तो बिनआवाजाचा क्षण. जांभळा हात वर धरून हसणारी ताई. सुकाणूवर बसलेले, उन्हात डोळे बारीक केलेले, देखणे बाबा. त्या आठवणीतून एक काढून दुसरं ठेवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

रांग सुटली. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला आणि मी निघाले.

गावातल्या घराला कुलूप होतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "खाडीवर असतील. नंदा रोज नेते बापाला. पोरगी असावी तर अशी." आई गेल्यानंतर बाबांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी ठाण्यातल्या नोकरीची कारणं सांगत होते आणि ताई सासरहून बॅग घेऊन आली होती. तेव्हापासून ती इथंच आहे. बाबांची वाचा गेली आहे, मान वळत नाही, एक हात तेवढा चालतो. ती त्यांना न्हाऊ घालते, दाढी करते, भात मऊ कालवून भरवते. पडून पडून होतात तसा त्यांच्या पाठीला एक व्रण नाही. डॉक्टरसुद्धा म्हणतात, इतकं कुणी करत नाही.

गोडाऊनच्या मागून मी काठावर गेले. भरती चढत होती. चाकांची खुर्ची काठापासून अगदी जवळ होती, आणि तिची पाठ पाण्याकडे होती. बाबांच्या समोर गोडाऊनची पत्र्याची भिंत होती, हिरवट, गंजलेली, वरपासून खालपर्यंत दुसरं काही नाही. त्यांच्या अंगावर धुतलेला सदरा होता, गळ्याभोवती मफलर, केस विंचरलेले. ताई भिंतीला टेकून एका खोक्यावर बसली होती, त्यांच्याकडे तोंड करून. ती शेंगा खात होती आणि त्यांच्या डोक्यावरून पाणी बघत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "बस."

मागे पाणी वाजलं. बाबांचे डोळे कोपऱ्यापर्यंत गेले, आणखी पुढं जायला बघू लागले, तिथं थरथरले आणि परत भिंतीवर आले. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. कपाळावर घाम होता.

"रोज असंच बसवतेस?" मी विचारलं.

"रोज."

"का?"

ती उठली, रुमालानं त्यांचं कपाळ पुसलं, ओठांच्या कडेची लाळ पुसली, अगदी हलक्या हातानं. "वारा लागतो त्यांना," ती म्हणाली. "बरा वाटतो."

मी खुर्चीमागे गेले आणि दांडे धरले. बाबांना कळलं. त्यांचा चालता हात मागं आला, चाचपडला आणि त्यानं माझं मनगट पकडलं. एवढी ताकद त्या हातात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. ते मनगट बाजूला रेटत होते, खुर्ची पाण्याकडे वळव म्हणत असल्यासारखे. त्यांच्या घशातून एक आवाज येत होता. चाकं मोकळी होती. खुर्ची वळवायला जरासा रेटा पुरला असता.

ताईनं एक शेंग फोडली. तिनं माझ्याकडे पाहिलं, तेवढंच.

मी त्यांची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली आणि हात त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. ताईनं खोक्यावर सरकून जागा केली, शेंगांची पुडी माझ्यापुढं धरली. मी बसले. खाडी भरत होती, पाणी त्या दिवशी निळं होतं आणि पुलाखालून चांगला वारा सुटला होता. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी बघत बसलो.